व्हॅलेटाचं फेस्त आणि एक तिरकी पताका

११ जुलै २०२४, गुरुवार

मुंबईहून दुबई, दुबईहून लार्नाका, लार्नाकाहून माल्टा. लार्नाकाला आपण उतरायचं नसतं, विमानातच जागेवर बसून राहायचं असतं. तिथे ताईने जाहीर केलं की तिचे गुडघे काही आता पुढे येत नाहीत, ते सायप्रसमध्येच ठेवून घ्या. लेकाला तिने गुडघ्यांबद्दल अवाक्षर कळवलेलं नव्हतं. "त्याने हौसेने तिकिटं काढली, आता रडगाणं कशाला लावू?"

बाब विमानतळावर हजर होता. बाब हे त्याचं नाव नव्हे. आमच्या म्हापशाच्या घरात मुलग्याला बाब म्हणतात, आणि तो चाळिशीला टेकला तरी बाबच राहतो. माल्टात ऑनलाइन गेमिंगचा धंदा जोरात आहे आणि त्यासाठी जगभरची पोरं इथे येऊन राहिलीत, त्यातला हा एक. तो राहतो खाडीपलीकडे ग्झीराला. पण आम्हा दोघी बहिणींसाठी त्याने सहा रात्रींची खोली घेतली होती ती थेट व्हॅलेटात. "मावशी, फेस्त बघायचं तर बेल्तमध्येच राहायला हवं. रात्री बारानंतर परत जायची कटकट नको."

बेल्त म्हणजे शहर. माल्टाच्या लोकांना राजधानीचं नाव घ्यायची गरज वाटत नाही, 'इल-बेल्त' म्हटलं की झालं. पुण्यात कोथरूडची जुनी माणसं अजून 'गावात जाऊन येतो' म्हणतात, तसंच. आणि फेस्त हा शब्द तर आमचाच. आम्ही गोव्यात फेस्त म्हणतो, हे फेस्ता म्हणतात. ग्रामदैवताची जत्रा असते तसा इथे प्रत्येक चर्चचा आपापला संत आणि त्याचा आपापला दिवस. उन्हाळाभर, मेपासून सप्टेंबरपर्यंत, बेटावर कुठे ना कुठे आरास लागलेली असतेच. सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहूनही कमी. त्यात एवढी फेस्तं. आमच्या आठवड्यात पाळी होती व्हॅलेटाच्या कार्मेल सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची. तिचा दिवस १६ जुलै.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईने लेकाकडे एकदा पाहिलं आणि जिना चढायला लागली.

संध्याकाळी खाली डोकावले तर गल्लीत दोन पोरं शिड्यांवर चढून या घरापासून त्या घरापर्यंत एक भलीमोठी कापडी पताका बांधत होती. जरीची किनार, मध्ये रंगवलेलं चिन्ह, खाली झालर. समोरच्या गॅलरीत बनियनवर उभा एक म्हातारा त्यांच्यावर ओरडत होता. एका शिडीवरून उत्तर येई, म्हातारा आणखी चिडे, दुसरा पोरगा दोरी ओढे. ताई पाच मिनिटं ऐकत राहिली. माल्टी भाषेचं एक अक्षर तिला येत नाही.

"डावी बाजू खाली आहे म्हणतोय," ती म्हणाली. "आणि बरोबर म्हणतोय."

१२ जुलै, शुक्रवार

सकाळी आठला धडाम्. ताई ताडकन उठून बसली. "सिलिंडर!" पाठोपाठ आणखी चार धडाम्. सिलिंडर नव्हता, मुरताली होत्या, म्हणजे दिवसाढवळ्या आकाशात सोडायचे गर्नाल. त्यांत रंग नाही, शोभा नाही, नुसता आवाज आणि एक पांढरा ढग. फेस्ताच्या आठवड्यात सगळ्या गावाला उठवायची ही रीत. खालच्या मजल्यावरचा कुत्रा पलंगाखाली गेला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही, असं त्याच्या मालकिणीने सांगितलं. इथेही यावरून भांडणं होतात म्हणे: म्हातारी माणसं, बाळं, कुत्री एका बाजूला आणि परंपरा दुसऱ्या बाजूला. पुण्याहून गेलेल्या बाईला यात नवीन काय असणार!

ही दारू बनवतात मात्र गावोगावचे हौशी लोक. पगार नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, गावाबाहेरच्या कारखान्यांत, वर्षभर. त्यात स्फोट होतात, माणसं दगावतात, घरंच्या घरं दुःखात जातात, आणि पुढच्या वर्षी उरलेली माणसं पुन्हा तिथेच बसतात. बाबने हे सांगितलं तेव्हा ताई बराच वेळ काही बोलली नाही.

नाश्त्याला पस्तित्सी. शंकरपाळ्याच्या आकाराची, तळहाताएवढी, पापुद्र्यांची करंजी म्हणा. आत एक तर रिकोटा चीज, नाहीतर वाटाणा. वाटाण्याची मी घेतली आणि पहिल्याच घासाला थांबले. त्यात चक्क करी पावडर होती. ब्रिटिश इथे १९६४ पर्यंत राज्य करून गेले, त्यांच्याच आगबोटीतून आली असणार. ताईचं मत: "मीठ कमी, बाकी आपल्या पॅटिससारखं." तिने तीन खाल्ली.

माल्टाच्या बोलीने मला दिवसभर गुंतवून ठेवलं. लिपी रोमन, धर्म कट्टर कॅथलिक आणि भाषेचं मूळ अरबी. जगाला 'दिनया', पुस्तकाला 'क्तीब', सैतानाला 'शितान'. आपली दुनिया, किताब नि सैतान सगळे इथे हजर. चर्चमध्ये पाद्री देवाला 'अल्ला' म्हणून हाक मारतात आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला 'रन्दान' म्हणतात. रस्त्यावर लोंबणाऱ्या त्या हिरव्या-तांबड्या लाकडी बंदिस्त सज्जांना म्हणतात 'गल्लरिया'. हे ऐकून ताईला फार बरं वाटलं. आयुष्यभर ती गॅलरी म्हणते आणि सून तिला बाल्कनी म्हणायला लावते.

दुपारी ऊन असं की दगड भाजत होते. सगळं शहर मधाच्या रंगाच्या चुनखडीचं, ऊन वरून येतं तेवढंच भिंतींतूनही येतं. आम्ही सेंट जॉन्सच्या को-कॅथेड्रलमध्ये शिरलो ते थंडाव्यासाठी, हे कबूल केलेलं बरं. बाहेरून किल्ल्याच्या कोठारासारखं साधं, आत सोन्याने मढवलेलं. पायाखाली चारशेच्या आसपास रंगीत संगमरवरी थडगी, त्यांवर सांगाडे, पंखवाल्या कवट्या, ढाली. ताईने चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, काढायची गरज नाही. ती म्हणाली, "माणसं झोपलीयेत खाली." मग पहारेकऱ्याने काही म्हटलं नाही. कारावाज्जोचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र आहे इथे, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानच्या शिरच्छेदाचं. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि ती सहीसुद्धा योहानच्या मानेतून सांडलेल्या रक्तात. चित्रातला अर्धाअधिक भाग नुसता अंधार आणि भिंत आहे. मी तिथे वीस मिनिटं बसले. ताई पाच मिनिटांत उठली. "कापाकापी बघायला नाही आले."

१३ जुलै, शनिवार

आजचा उत्सव देवाचा नव्हता. व्हॅलेटाचा जाझ महोत्सव जुलैमध्येच भरतो, तीसहून अधिक वर्षं भरतोय, आणि आज त्याची शेवटची रात्र. जागा 'ता लिएसे': शहराच्या तटाखाली ग्रँड हार्बरच्या काठावरची मोकळी पट्टी. पाठीला बुरूज, पुढ्यात पाणी.

तिथे उतरायला वरच्या बाराक्का बागेतून ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. हे आम्हाला नंतर कळलं. मोबाइलमधल्या बाईने आम्हाला ज्या वाटेने नेलं ती वाट म्हणजे जिना. व्हॅलेटा हे शहर १५६६ साली एका उघड्या टेकाडावर आखून बांधलं, तुर्कांचा १५६५चा वेढा उठल्यावर वर्षभरातच. इटालियन इंजिनिअर लापारेल्लीने रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ काढले. टेकडी उतरती असो, खोल असो, रेघ सरळ. जिथे फारच उतार आला तिथे पायऱ्या करून टाकल्या. नकाशावर देखणं दिसतं. गुडघ्यांना विचारलंय कोणी? ताई दर वीस पायऱ्यांनी थांबायची आणि त्या लापारेल्लीचा उद्धार करायची. व्हिक्टोरिया गेटातून बाहेर पडलो तेव्हा ती घामाने भिजली होती आणि समोर बाब आइस्क्रीम घेऊन उभा. "अगं आई, लिफ्ट होती ना!" पुढचा संवाद छापत नाही.

पण बसलो आणि सगळं विसरलो. साडेआठच्या सुमारास सूर्य बुडला, पलीकडच्या काठावर बिर्गू आणि सेंग्लेआच्या भिंती आधी केशरी, मग जांभळ्या, मग दिव्यांनी पिवळ्या झाल्या. वर सप्तमी-अष्टमीचा अर्धा चंद्र. जाझमधलं मला कळतं थोडं आणि ताईला त्याहून थोडं. सॅक्सोफोनवाला एका सुरावर अडून बसला, ड्रमवाल्याने त्याला दोनदा वाट करून दिली, तो काही येईना, आणि तिसऱ्यांदा दोघं एकदम समेवर आले तेव्हा ताईच्या तोंडून "क्या बात" निघून गेलं. शेजारचा गोरा माणूस वळून हसला. तेवढ्यात मागून एक प्रवासी जहाज बंदरातून बाहेर निघालं, इतकं उंच की अख्खी चाळ सरकत चालल्यासारखी वाटली. त्याने भोंगा दिला. सॅक्सोफोनवाल्याने तोच सूर उचलला. टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

मध्यंतरात मी पाण्याकडे बघत होते. १८७८ साली रशिया-तुर्कस्तानच्या भांडणात धाक दाखवायला इंग्रजांनी मुंबईहून जहाजं भरभरून सहा-सात हजार हिंदी सैनिक माल्टात आणून उतरवले होते. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या त्यांत, आणि त्या पलटणींत मराठे भरपूर असत. इंग्रजांना लढावंच लागलं नाही, सैनिकांना परत नेलं. जुलैचं हे ऊन, हे पांढरे दगड, हा गळ्यात घंटा बांधल्यासारखा सतत वाजणारा गाव. सातारा-रत्नागिरीकडच्या कुणा शिपायाने घरी पत्रात काय लिहवून घेतलं असेल?

बाबने दुसरी गोष्ट सांगितली. "मावशी, महिनाभराने आला असतात तर सान्ता मारिया मिळाली असती." १५ ऑगस्ट हा इथे मेरीचा मोठा सण. १९४२ साली बेटाला जर्मन-इटालियन विमानांनी आणि पाणबुड्यांनी कोंडलं होतं. अन्न संपत आलेलं, तेल संपत आलेलं. चौदा मालवाहू जहाजांचा तांडा जिब्राल्टरमार्गे निघाला, पोचली फक्त पाच. शेवटचं 'ओहायो', तेलाचं जहाज, जवळजवळ बुडालेलं, दोन बाजूंना दोन विनाशिका दोरांनी बांधून ओढत याच बंदरात आणलं, ते नेमकं १५ ऑगस्टला सकाळी. त्या तांड्याला इथले लोक अजून 'सान्ता मारियाचा तांडा' म्हणतात. लष्करी इतिहासात त्याला दुसरं नाव आहे, पण ते इथे कोणी वापरताना ऐकलं नाही.

परत जाताना लिफ्टने गेलो.

१४ जुलै, रविवार

सकाळी मार्साश्लोकचा मासळी बाजार. लुत्सू नावाच्या रंगीत होड्या, प्रत्येकीच्या नाकाडावर दोन डोळे रंगवलेले, दृष्ट लागू नये म्हणून. फोटोंत दिसतो तेवढा बाजार मोठा नाही आणि मासळीपेक्षा फ्रिजवरचे चुंबक जास्त. ताईने दोन मासे नाकाशी नेऊन परत ठेवले. म्हापशाच्या बाजारात वाढलेल्या बाईला फसवणं अवघड.

दुपारी मोस्टाचं घुमटाचं चर्च. ९ एप्रिल १९४२ रोजी आत तीनशेच्या आसपास लोक जमलेले असताना घुमट फोडून बाँब खाली आला, फरशीवर घरंगळला आणि फुटलाच नाही. तसल्या बाँबची प्रतिकृती आत ठेवलीय. इथल्या बऱ्याच चर्चना दोन मनोरे आणि दोन घड्याळं असतात, त्यातलं एक मुद्दाम चुकीचं. सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून, असं सांगतात. ताईचं घड्याळ अजून भारतीय वेळेवरच होतं. "बघा, माझंही तेच धोरण."

१५ जुलै, सोमवार

फेस्ताची आदली रात्र. सोमवार असल्याने ताई मासे खात नाही, म्हणून संध्याकाळचं जेवण पाव, टोमॅटो, केपर्स, ऑलिव्ह तेल. त्याला इथे होब्झ बिझ-झेयत म्हणतात आणि तो या देशाचा वडापाव आहे.

गल्लीत उतरलो तर पताका तशीच. डावी बाजू वीतभर खाली. म्हातारा आज इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसलेला, पण नजर पताकेवरच.

ओल्ड थिएटर स्ट्रीटला दोन्ही बाजूंनी उंच लाकडी चौथरे मांडून त्यांवर संतांच्या मूर्ती ठेवल्या होत्या. दगडी वाटतात, पण कागदाच्या लगद्याच्या असतात. बाबने एका मूर्तीला टिचकी मारून दाखवली आणि कुणीतरी त्याच्यावर खेकसलं. बल्बांच्या माळा कमानींवर, कार्मेलच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर. या चर्चचा घुमट ४२ मीटर उंच, सागरावरून येणाऱ्याला व्हॅलेटाचा म्हणून जो घुमट दिसतो तो हाच. जुनं चर्च युद्धात बाँबखाली खिळखिळं झालं, हे त्यानंतरचं, आणि घुमटासकट पुरं व्हायला १९८० चं दशक उजाडलं.

मग बँड आला. फेस्ताचा कणा म्हणजे बँड क्लब. प्रत्येक गावात एक, आणि शक्य असेल तर दोन, कारण एकाच क्लबात भांडणार कोणाशी? व्हॅलेटाचे दोन, 'किंग्ज ओन' आणि 'ला व्हॅलेट', दोन्ही रिपब्लिक स्ट्रीटवर हाकेच्या अंतरावर. क्लब म्हणजे नुसता बाजा नव्हे. खाली बार, वर तालमीची खोली, भिंतींवर दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरी, कपाटात ढाली आणि करंडक, कोपऱ्यात पत्ते कुटणारे चार म्हातारे. वर्गणी, हिशेब, मागच्या वर्षीच्या आराशीवरून अबोला. गणपती मंडळाच्या ऑफिसात बसल्यासारखं मला इतकं घरगुती वाटलं की मी पावतीपुस्तक शोधायला लागले.

कूच सुरू झालं तसे वरच्या गॅलऱ्यांतून कागदाचे कपटे कोसळायला लागले. पोतीच्या पोती. मिनिटभरात रस्ता दिसेना. तरुण पोरं एकमेकांच्या खांद्यांवर बसून ओरडत होती, बिअरचे प्लास्टिकचे पेले उडत होते, आणि त्या गदारोळाच्या मधोमध एक साठीचा सनईवजा क्लॅरिनेटवाला, चष्म्यावर कपटे साचलेले, नजर छोट्याशा स्वरलिपीवर, शांतपणे वाजवत चालला होता. एका पोराची बिअर ताईच्या नारायणपेठीवर सांडली. पोरगा कान पकडावे तसा दोन्ही हात जोडून माफी मागायला लागला. ताई म्हणाली, "असू दे रे, देवाचं काम आहे." हे ती मराठीत म्हणाली आणि त्याला कळलं.

रस्त्याच्या टोकाला मिठाईची गाडी. काचेची पेटी, पितळी तराजू, उब्बायत विकणारा. बदाम, मध, साखर घोटून केलेली कडक वडी, हातोडीने फोडून देतात. आमच्याकडे फेस्ताच्या फेरीत खाजं घेतल्याशिवाय घरी यायचं नाही असा नियम होता, तीळ लावलेलं आल्याचं खाजं, दैनिकाच्या कागदात. आईला खाजं नेलं नाही तर ती विचारायची, "मग गेलात कशाला?" आम्ही अर्धा किलो उब्बायत घेतलं. ताईची दाढ त्यात अडकली आणि तासभर ती बोलू शकली नाही.

अकराला दारूकाम. गल्लीतून आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, त्यामुळे आम्हाला फुलं अर्धीच दिसली, अर्धी समोरच्या काचांत. शेवटी एकामागून एक, श्वास घ्यायला न देणारा धडधडाट. भिंती हादरल्या. बाबने मोबाइलवर सेंट ज्युलियनची 'गोस्त्रा' दाखवली, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारची: समुद्रावर तिरका रोवलेला लांब वासा, त्याला चरबी फासलेली, टोकाला झेंडे. पोरं धावत जातात, घसरून समुद्रात पडतात, पुन्हा येतात. "खाली पाणी आहे, त्यामुळे दहीहंडीपेक्षा शहाणी माणसं," ताई म्हणाली. दाढ सुटली होती.

१६ जुलै, मंगळवार

सकाळी ताई न्हाऊन, कोरी साडी नेसून सहालाच तयार. तिचा बेत मला मुंबईपासून माहीत होता. आमची आई दर वर्षी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहायला जायची. आम्ही हिंदू, पण म्हापशात त्याचं कुणाला काही वाटत नाही, फेस्ताला अर्धी रांग आमचीच असते. सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींतली एक, असं आमच्याकडे सांगतात. बहिणीच्या घरी जायला परवानगी कसली? आई गेली त्या वर्षापासून ताई जाते. यंदा तिला एप्रिलमध्ये जमलं नव्हतं.

आत सगळं चर्च लाल दमास्क कापडाने मढवलेलं, खांबन् खांब. चांदीचे दिवे, फुलांचे ढीग, मेणाचा नि लिलीचा वास. मूर्ती खाली आणून बाजूला ठेवलेली, बायका तिच्या पायांना बोटं लावून ओठांशी नेत होत्या. ताईने मेणबत्ती लावली आणि बाकावर बसली. शेजारी एक म्हातारी जपानी पंख्याने वारा घेत होती. ऐंशीच्या पुढची, इंग्रजी चांगलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नवरा गोदीत होता, मुलगा ऑस्ट्रेलियात.

ताईने मला सांगितलं, "हिला विचार, तुमच्या सायबिणीला बहिणी किती?"

मला लाज वाटली, पण विचारलं. मला वाटलं बाई हसेल किंवा रागावेल, मेरी एकच आहे म्हणेल. ती पंखा मांडीवर ठेवून बोटं मोजायला लागली. ही कार्मेलची. ऑगस्टातली सान्ता मारिया. सप्टेंबरची विजयाची. जपमाळेची. लोरेटोची. स्लिएमाची स्टेला मारिस. थांबली, डोळे मिटले. सात दुःखांची, ती ईस्टरच्या आधीची. "सेव्हन," म्हातारी म्हणाली.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला आयुष्यभर खोटं पाडत आले होते.

निघताना म्हातारीने पिशवीतून काहीतरी काढून ताईच्या हातात दिलं. दोन नाड्यांनी जोडलेले खाकी-तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे, बोटाच्या दोन पेरांएवढे, एकावर सायबिणीचं शिवलेलं चित्र, कडेचा धागा निघालेला. लाब्तू म्हणतात. एक तुकडा छातीवर, एक पाठीवर, असं गळ्यात घालायचं, कार्मेल सायबिणीची हीच खूण. नवा नव्हता, वापरून मऊ झालेला होता. कोणाचा होता ते तिने सांगितलं नाही. ताईने तो मंगळसूत्रात न अडकेल असा पदराखालून घातला आणि म्हातारीच्या पाया पडली. ती गडबडून उठलीच.

मिरवणूक संध्याकाळी निघाली. घंटा अशा घणघणल्या की बोलणं अशक्य. दारातून आधी क्रूस, मग पाद्री, मग मुलं, आणि मग उंबऱ्यात सायबीण दिसली तसा वरून कागद, खालून टाळ्या, बँड, सगळं एकदम. मूर्ती जड वाशांवर, खांद्यांवर वाहणारे गडी वाशाखाली मान वाकडी करून. चार पावलं पुढे, थोडं डुलून, थांबा. थांबले की दुबेळक्या काठ्या वाशांखाली टेकवतात आणि खांदा सोडवून घेतात. गड्यांच्या खांद्यांवर वळ होते, एकाच्या कानाच्या पाळीला रक्त. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांचे असतात तसेच चेहरे: दुखतंय, पण जागा सोडणार नाही. समोरून जाताना बघितलं तर त्यातला एक गुरुवारचा शिडीवरचा पोरगा होता.

मूर्ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा म्हातारा गॅलरीत उभा राहिला. त्याने छातीवर क्रूस केला. मग, मी स्वतः पाहिलं, खालच्या पोराला बोटाने पताका दाखवली. पोराच्या खांद्यावर सायबीण होती, त्याला मान वर करता येईना.

सायबीण चर्चला परत यायला रात्रीचे साडेदहा झाले. दारापाशी मूर्ती फिरवून लोकांकडे तोंड केलं आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. गाणं संपे, पुन्हा सुरू होई, आत जाऊ द्यायला कुणी तयारच नव्हतं. ताईचे पाय सुजले होते. "बसतेस का?" विचारलं तर म्हणाली, "ती उभी आहे ना!"

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. पहाटे ताईने पुण्याहून आणलेल्या साबुदाण्याची खिचडी केली. मिरची विसरलो होतो, दाण्याचं कूट होतं. बाब ग्झीराहून खास खिचडीसाठी आला आणि उभ्यानेच दोन वाट्या खाल्ल्या. मोबाइलवर पंढरपूरची गर्दी, खाली गल्लीत रस्ता झाडायचा आवाज. सफाईवाले कागदाचे कपटे फावड्याने भरत होते, पाऊस पडून गेल्यावर गटार उपसावं तसे.

बॅगा घेऊन खाली आलो. चौथऱ्यांवरचे संत टेम्पोत आडवे झोपले होते, अंगावर जुन्या चादरी. तीच दोन पोरं शिड्यांवर, एकाच्या खांद्याला पट्टी. म्हातारा पुन्हा बनियनवर, पुन्हा ओरडतोय. टॅक्सी कोपऱ्यावर थांबली होती, बाब घाई करत होता, पण ताई काही हलेना.

उजवीकडच्या पोराने गाठ सोडली आणि दोरी हळूहळू ढिली सोडायला लागला. पताकेची उजवी बाजू खाली येत गेली, वीतभर आली, आणि त्या क्षणी अख्खी पताका ओळंब्यात असल्यासारखी सरळ झाली. म्हातारा बोलायचा थांबला. पोराने दोरी तशीच धरली, वर बघितलं.

"हं," ताई म्हणाली. "आता सोड."